गूढकथेतलं घर आणि आपलं घर

भयकथेचा इतिहास घरापासून सुरू होतो. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने पहिली गॉथिक कादंबरी लिहिली. तिच्यात आजोबाच्या पापापायी नातवाचा किल्ला कोसळतो. १८३९ मधल्या एडगर अ‍ॅलन पोच्या कथेत अशर घराणं संपतं आणि वाडाही पडतो. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी स्वतःच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’ मालिकेतून टीव्हीवर आणल्या. त्यांचं भय बहुधा साध्या बिऱ्हाडात, माणसाच्या मनात राहतं.

सास्तुरात बोलताना आम्हाला पुढचं सांगावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथली घरं पडली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवद यांना भूकंप सोसला नाही म्हणून. कथेतल्या पडत्या घराला पाप लागतं. खऱ्या घराला ते चिकटवू नये; गेलेल्यांवर तो अन्याय होईल.