मदरबोर्डाची ओटी

आमच्याकडे कुठलीही वस्तू एकदम मरत नाही, ती पायरीपायरीने उतरत जाते. चादर विरली की तिचे उशीचे अभ्रे होतात, अभ्रे विरले की त्यांचे पायपुसणे होते आणि पायपुसण्याची चिंधी झाली की ती स्कूटर पुसायला जाते. अशा घरात २०१३ साली आलेला कॉम्प्युटर टाकून द्यायचा, हे सुचवायला बाहेरचाच माणूस लागतो. तो पुतण्याच्या रूपाने आला.

"काका, फार स्लो झालाय हो. त्यापेक्षा नवा सेकंडहँड घ्या."

"नवा की सेकंडहँड?" मी विचारले.

तो गप्प बसला. हल्लीच्या पिढीला निदान व्याकरणाने तरी गप्प बसवता येते. पण खरे म्हणजे तिला कुणीतरी इतिहास सांगायला हवा. जुन्या डब्यात नवा अवयव बसवता येतो, ही सोय काही आकाशातून पडलेली नाही. ती चांगली भांडून मिळालेली आहे.

पहिले भांडण कॅलिफोर्नियातले. १९७७ साली जो ॲपल टू बाजारात आला, तो घडवणाऱ्या स्टीव्ह वॉझनियाकला त्यात आठ स्लॉट हवे होते. स्लॉट म्हणजे आपल्या भाषेत खण. पुढेमागे एखादे नवे कार्ड खोवता यावे म्हणून मदरबोर्डावर मोकळी सोडलेली जागा. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्ज म्हणे, दोन पुरेत. एकात प्रिंटर, एकात मोडेम, माणसाला आणखी हवे काय? घर बांधताना हा संवाद आपल्याकडेही होतो. एकाला माळा हवा असतो आणि दुसऱ्याला अडगळ साठेल म्हणून नको असतो. वॉझनियाक अडून बसला आणि आठ खण झाले. जॉब्जने उट्टे काढले ते १९८४ साली. पहिल्या मॅकिंटॉशला एकही खण नव्हता, आणि डबा उघडायचा तर लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर आतल्या स्क्रूपर्यंत पोचूच नये, अशी व्यवस्था! कोठीघराला सासूबाईंनी लावलेले कुलूप आणि हे, दोन्ही एकाच वृत्तीचे.

पण आपल्या टेबलावरच्या डब्याचा मूळपुरुष वेगळा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. आयबीएम म्हणजे सरकारी खात्यालाही लाजवील अशी शिस्तीची कंपनी. पण हे यंत्र त्यांनी साधारण वर्षभरात, घाईघाईने उभे केले आणि घाईत माणूस करतो तेच केले. शेजाऱ्यांकडून सामान आणले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. सगळ्यात स्वस्त नग १,५६५ डॉलरचा, त्यात मेमरी १६ किलोबाइट आणि फ्लॉपीचा पत्ता नाही. सोळा किलोबाइट म्हणजे किती? तुम्ही वाचताय हा लेख त्यात जेमतेम मावेल. मग त्यावर अभिप्राय लिहायला जागा उरणार नाही, एवढाच काय तो फायदा.

त्यात घड्याळही नव्हते. म्हणजे होते, पण वीज गेली की त्याची स्मृती जाई. त्यामुळे रोज सकाळी सुरू केले की त्याला १ जानेवारी १९८० आहे असे वाटे आणि मालकाने तारीख-वार सांगून त्याला भानावर आणावे लागे. (असे गृहस्थ आमच्या ऑफिसातही होते. त्यांना मात्र कुणी भानावर आणले नाही, रिटायरच केले.) पण या यंत्राला पाच खण होते! शिवाय आतल्या जोडण्यांचे नकाशे कंपनीने स्वतःच छापून विकायला ठेवले होते. मग काय, एएसटी नावाच्या कंपनीने एकाच कार्डावर जादा मेमरी, बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि प्रिंटरची जोडणी असा सगळा संसार थाटून दिला. पाचांतले दोन खण पडदा आणि फ्लॉपीतच जात, तेव्हा एका खणात तीन बिऱ्हाडे हे गिरगावातल्या माणसाला निराळे समजावून सांगायला नको.

आयबीएमला पश्चात्ताप झाला तो १९८७ साली. आपल्या खणांवर भलतेच लोक गब्बर होताहेत हे पाहून त्यांनी नव्या मापाचे खण काढले आणि वापरायचे असतील तर पैसे मोजा म्हणून सांगितले. भाडेकरूंनी घरमालकच बदलला. पुढच्या वर्षी कॉम्पॅकसकट नऊ कंपन्यांनी मिळून आपले वेगळे खण जाहीर केले, आणि त्यांत जुनी कार्डेही बसत होती.

आता काटकसरीकडे वळू, कारण आमचा खरा विषय तोच. ४ जुलै १९९३ रोजी जपानमध्ये निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपा ज्यात बंद करतात ते राळेसारखे द्रव्य होई, आणि जगातल्या निम्म्याहून अधिक पुरवठा त्या एका ठिकाणाहून! झाले, जगभर मेमरीचे भाव कडाडले. नाशकाला कांद्यावर पाऊस पडला की दादरला कांदेभजी महागतात, तसाच हा हिशेब.

पण गरिबाला डोके असते. १९९८ साली इंटेलने ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन काढला. त्याच्या एका ठराविक दातावर चिकटपट्टीचा तुकडा डकवला की बऱ्याच मदरबोर्डांना तो वेगळाच भासे आणि तो बेधडक ४५० ने धावू लागे. त्याच वर्षीचा ४५० चा पेंटियम कितीतरी पट महाग होता. २००० साली तर कमाल झाली. एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर काही बारीक पूल मुद्दाम तोडलेले असत, वेग वाढवता येऊ नये म्हणून. ते लोकांनी शिसपेन्सिलीने जोडले! ग्रॅफाइटमधून वीज वाहते, हे शाळेत शिकलेले ज्ञान जगात प्रथमच कुणाच्या तरी पैशाच्या उपयोगी पडले.

मुंबईत ही विद्या शिकायची जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते फक्त पाटीला माहीत. तिथल्या काउंटरवरच्या पोराला मी म्हटले, "फक्त प्रोसेसर बदलायचाय."

"प्रोसेसर नवा घेतला तर सॉकेट बसणार नाही, काका. मदरबोर्ड घ्या."

"बरं."

"मग जुनी रॅम चालणार नाही. ही डीडीआर थ्री आहे. आणि पॉवर सप्लायही जुनाच ना?"

म्हणजे मदरबोर्डाची ओटी भरायला जावे आणि शेवटी माउलीच बदलून आणावी, असा प्रकार. मी डबा तसाच ठेवून फक्त दोन गोष्टी घेतल्या. एक मेमरीची जुन्या मापाची पट्टी, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. तिला जुनीच जोडणी चालते, आणि आत काहीच फिरत नसल्यामुळे सुईने जागा शोधत बसायचा वेळ वाचतो. पूर्वी बटण दाबून मी चहा टाकत असे. आता आधण यायच्या आत पडदा उजळतो. सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात होणार होतं तर दोन वर्षं मला ती घरघर कशाला ऐकवलीत?"

तरी एक विघ्न उरलेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा तरी हवा. आमचा तिसऱ्या पिढीतला. धडधाकट आहे, हिंडतोफिरतो, पण हयातीचा दाखला नाही म्हणून पेन्शन बंद. जगात असे किती धडधाकट डबे त्या महिन्यात भंगारात गेले असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते. आमच्या डब्यात मी लिनक्स मिंट घातले. फुकट आहे, आणि दाखला मागत नाही.

२०२५ च्या अखेरीस मेमरी पुन्हा कडाडली. या खेपेला स्फोट नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना इतकी मेमरी लागू लागली की कारखाने तिकडेच वळले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरात किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशल हा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर एकदा मी केबल आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो, तर तोच पोरगा काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला,

"काका, तुमची ती काढलेली जुनी पट्टी... आहे अजून घरी?"

"आहे."

"देता?"

"किती देतोस ते आधी सांग," मी म्हटले आणि स्टूल ओढून बसलो.