पोवळ्यापासून रीफ टँकपर्यंत: प्रवाळ उचलणं म्हणजे शिकार का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

आजचा प्रश्न एकदम साधा आहे. ओहोटीला खडकावर जिवंत प्रवाळ दिसलं आणि घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. मग एक छोटा तुकडा बादलीत टाकून आणला तर चालेल का? उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही चालत. पण का नाही, ही गोष्ट दोन हजार वर्षं मागे जाते आणि तिची सुरुवात आपल्याच किनाऱ्यावर होते.

आधी प्रवाळ बाहेरून यायचं

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या ग्रंथाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात भडोचला आयात होणाऱ्या मालाच्या यादीत प्रवाळ आहे. पुढे कल्याण येतं आणि सेमिल्ला नावाचं बंदर येतं, ते म्हणजे आपलं रायगडमधलं चौल असं मानलं जातं. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की रोमन लोकांना मोत्यांचं जेवढं वेड, तेवढं भारतीयांना प्रवाळाचं.

हे प्रवाळ म्हणजे लाल पोवळं. ते भूमध्य समुद्रातून यायचं. अठराव्या शतकातही हा धंदा जोरात होता. इटलीतल्या लिव्होर्नो शहरातली एर्गास आणि सिल्व्हेरा ही ज्यू व्यापाऱ्यांची पेढी गोव्याच्या कामत घराण्याला पोवळी पाठवायची आणि बदल्यात हिरे मागवायची. धर्म वेगळा, भाषा वेगळी, समोरासमोर भेट नाही. सगळा व्यवहार पत्रांवर आणि विश्वासावर!

पण आपल्याकडे पोहोचेपर्यंत पोवळं म्हणजे दगडच असायचा: अंगठीत बसवायचा, नाहीतर भस्म करायचा. गंमत बघा, साधारण त्याच काळात, १७२० च्या दशकात, पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सांगितलं की प्रवाळाची 'फुलं' ही फुलं नाहीत, ते प्राणी आहेत. तेव्हाच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी ते मान्यच केलं नाही.

मग आला घरातला समुद्र

आता १८५० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघण्यासाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. समुद्रजीव घरी कसे ठेवायचे हे त्यात होतं. पुस्तक तुफान चाललं. लोक बादल्या, जाळ्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले.

पुढे १९०७ मध्ये गॉसच्या मुलाने, एडमंडने, 'फादर अँड सन' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. लहानपणी पाहिलेली खडकातली सुंदर डबकी हौशी लोकांनी पार ओरबाडून टाकली, असं तो त्यात सांगतो. वडिलांना याचं फार वाईट वाटायचं, कारण हे वेड त्यांच्याच पुस्तकांनी लावलं होतं.

इथे व्हिलन कुणीच नाही. प्रत्येकाने थोडंसंच नेलं, आणि तेही आवडीपोटी. पण थोडंसं नेणारे हजारो होते.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात नुकसान आधी वेगळ्या कारणाने झालं. मन्नारच्या आखातात चुना आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढलं गेलं. तिथल्या २१ बेटांपैकी २ बेटं पाण्याखाली गेली आणि त्यामागचं एक मोठं कारण हे खाणकाम मानलं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आलं २००१ साली. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे.

या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, इजा करणं, शरीराचा भाग तोडून नेणं, सगळं शिकारच. त्यामुळे परवानगीशिवाय प्रवाळ तोडणं ही कायद्याने शिकार ठरते. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि किमान २५,००० रुपये दंड. पेसोनेलचं म्हणणं शेवटी कायद्याने उचलून धरलं म्हणायचं!

'मग सरकारला कोण विचारणार?'

उरणकर हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. मोरा बंदरावरून समोर दिसणाऱ्या मुंबईतच बघा. कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ सापडलं. २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने त्याच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या आणि रस्ता झाला. इकडे उरणमध्ये भरावाखाली गेलेली खाडी आणि खारफुटी आपण रोज बघतो. म्हणजे मोठ्या प्रकल्पाला सूट आणि मुठीएवढ्या तुकड्यासाठी जेल?

राग खरा आहे. पण एक फरक आहे. प्रकल्पाला परवानगी काढावी लागते, त्याचा कागद राहतो आणि त्या कागदावर भांडता येतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोला उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायला सांगितलं, ते मच्छीमार असेच भांडले म्हणून. बादलीतून गेलेल्या प्रवाळाची नोंद कुठेच नसते. किती गेलं हे कळतही नाही, मग जाब कुणाला विचारणार? शिवाय मोठ्याने जास्त नासधूस केली म्हणून उरलेलं थोडं आपण न्यायचं, हे गणित समुद्राच्या बाजूने कधीच सुटत नाही. गोलसर कठीण प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. तुटलेला मुठीएवढा तुकडा भरून यायला कित्येक वर्षं जातात.

टँकचा छंद वाईट नाही. उलट त्यातूनच अनेकांना समुद्राची गोडी लागते. फक्त दुकानदार 'लाइव्ह रॉक' किंवा कोरल दाखवेल तेव्हा विचारा: हे कुठून आलं आणि कागद कुठेत? परदेशातून कठीण प्रवाळ आणायलाही 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका. कुणी प्रवाळ विकताना दिसलं तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६.

आणि ओहोटीला खडकावर गेलात तर मोबाइल खिशात असतोच. फोटो काढा, पाय जपून टाका आणि ते जिथे आहे तिथेच राहू द्या. उद्या तिथे कुणी भराव टाकायला आलं, तर 'इथे प्रवाळ होतं' हे सांगायला तुमचा तो फोटो कामाला येईल.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!