एका इंजिनावरची मुंबई

एका इंजिनाच्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडले की वैमानिकाजवळ उरते ती हाती असलेली उंची आणि खालची मोकळी जमीन. उंची खर्च करीत, तरंगत तरंगत त्या जमिनीपर्यंत पोहोचणे म्हणजे फोर्स्ड लँडिंग. मुंबईत हौशी उड्डाण सुरू झाले त्या काळात अशी जमीन शहराच्या कडेलाच होती.

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. जुहूच्या त्याच्या धावपट्टीवर शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तेव्हाच्या जिप्सी मॉथ विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असत. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर भागावे, हा हिशेब. तरीही प्लग दगा देत. मे १९३० मध्ये आगा खान पारितोषिकासाठी भारत-इंग्लंड मार्गावर एकट्याने उडणारे अ‍ॅस्पी इंजिनिअर प्लगअभावी इजिप्तमधील अबुकीर येथे अडकले. उलट दिशेने आलेल्या टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पारितोषिक इंजिनिअर यांनी जिंकले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवले. त्यालाही एकच इंजिन, आणि रेडिओ नाही. जुहूची जमीन म्हणजे चिखलवट. पावसाळ्यात तिच्यावर विमान उतरवणे शक्य नसे, म्हणून टपालसेवेचा मुक्काम पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. नेहमीच्या उतरण्याची ही तऱ्हा, तर अडचणीच्या उतरण्याचे काय!

गिरणगावावर इंजिन बंद पडल्यास मोकळी जमीन गाठण्याचे गणित आणखी अवघड आहे. सेस्ना १५२ हे विमान, वारा नसताना, हजार फुटांवरून सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगते. म्हणजे परळवर इंजिन बंद पडले तर शिवाजी पार्क कागदावर जेमतेम गाठता येते; विमान वळवताना जाणारी उंची धरली तर तेही नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी आता त्यांच्याहून कितीतरी उंच मनोरे आले. लोअर परळचा वर्ल्ड वन २८० मीटरचा, हजार फुटांना फक्त २५ मीटर कमी. गिरगाव चौपाटी रेतीची असली तरी गर्दीमुळे उपयोगाची नाही. दाट वस्तीवर किमान उंचीचा नियम आहे तो याचसाठी.

आज राज्यातील शिकाऊ वैमानिक बारामती, धुळे येथे शिकतात. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने उडालेल्या विद्यार्थिनीच्या सेस्ना १५२ चे इंजिन जोर देईना. विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात उतरले आणि मोडले. तिला किरकोळ दुखापत झाली.