हात अंगाशी धरून चाला

बूट काढा. मोबाइल घरीच राहू द्या. आता डोक्याला मुंडासं गुंडाळा आणि बैलाच्या वेसणीची दोरी घट्ट धरा. साल 1835च्या आसपासचं आहे. धारवाडकडचा कापूस दोन बैलांवर लादून तुम्ही बंगळुरूच्या यलहंका वेशीशी पोचला आहात. पोटऱ्यांपर्यंत धूळ चढली आहे, मान उन्हाने भाजली आहे. पुढच्या बैलाने तुमच्या पायाजवळच शेण टाकलंय, मागचा तुमच्या खांद्यावर उष्ण श्वास सोडतोय. समोर पेठेची मातीची तटबंदी आणि तिच्याबाहेर खंदक. वेशीत माणसं, बैल, गाढवं, टोपल्या, भांडणं, सगळं एका जागी कोंबलेलं.

आत शिरायची घाई करू नका. आधी सायरची, म्हणजे जकातीची, चौकी.

चौकीवरचा माणूस सरकारी नाही, इजारदाराचा आहे. इजारदाराने वसुलीचा हक्क पैसे मोजून घेतलाय आणि ते पैसे तुमच्याकडून निघायचे आहेत. "सुंक कोडप्पा!" जकात दे बाबा, असं तो कन्नडमध्ये ओरडतो आणि गोणीत हात खुपसतो. गोणी उतरवा. तोलू द्या. पुन्हा चढवा. तुमची पाठ बोलायला लागते. तुम्ही सांगता की वाटेत याच कापसावर जकात दिली आहे. तो ऐकतो, मान हलवतो आणि हात पुढे करतो. ती चौकी वेगळी, ही वेगळी.

कमरेच्या कशातून कंठीरायी हण काढा. जपून! सोन्याचं हे नाणं बोटाच्या नखाहून लहान आहे. घामेजल्या बोटाला ते चिकटून येतं, झटकलंत तर धुळीत गेलं. मागचे चार जण खाली वाकून तुमच्याबरोबर शोधतील, पण सापडलेलं परत देतीलच असं नाही.

आता दोड्डपेठेतून सरळ दक्षिणेला चला. याच रस्त्याला तुमच्या काळात अव्हेन्यू रोड म्हणतील. डावी-उजवीकडे मागांचा खटखटाट, गाणिगरपेठेच्या बाजूने घाण्याची करकर आणि तेलाचा जड वास, मध्येच मोगऱ्याची टोपली, चिंचेचा ढीग, नाचणीच्या गरम उंड्याची वाफ. भूक लागली ना? थांबा, आधी कान द्या. हे माग आणि हे घाणे नुसते चालत नाहीत, करही भरतात. मोहतर्फा म्हणतात त्याला. मागावर कर, घाण्यावर कर, दुकानावर कर.

तुम्हाला तक्रार करायची आहे. मग किल्ल्यात चला. टिपूच्या लाकडी राजवाड्यात आता हुजूर कचेरी भरते. आत पाय ठेवताच गारवा लागतो. उंच सागवानी खांब, कमानी, आणि खाली बैठकीवर मांडी घालून बसलेले कारकून. म्हैसूरच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठीही चालत आली आहे, म्हणून त्यातला एक देशस्थ तुमची बोली ऐकून हसतो. "या, बसा हो. कुठनं येणं?" परमुलखात मराठी कानावर पडली की अर्धा शीण तिथेच उतरतो.

त्याच्या मांडीवर कडत आहे. हात लावून बघा. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चोळून ते काळंकुळीत, कडक केलंय, आणि पंख्यासारख्या घड्या घातल्यात. त्यावर तो बळपाच्या, म्हणजे मऊ दगडाच्या, कांडीने पांढरं लिहितो. बोटं काळी होतात, नखं पांढरी.

तुमची तक्रार ऐकून तो घड्या उलगडतो आणि मुलखातल्या नोंदी वाचू लागतो. लग्न झालं, कर. मूल झालं, कर. त्याचं नाव ठेवलं, कर. त्याचं जावळ काढलं, पुन्हा कर. बदफैलीवर कर. एका गावाच्या पूर्वजांना पाळेगाराचा, म्हणजे स्थानिक सरदाराचा, भरकटलेला घोडा सापडला नव्हता, म्हणून ते गाव अजून कर भरतंय. नगर प्रांतात एक जागा अशी आहे की तिथून जाताना हात अंगाशी धरून चाललं नाही, तर पैसे पडतात.

तुम्ही नकळत हात अंगाशी घेता.

तुमच्या काळात कराची भीती विनोदातही येते. सिम्प्सन्स या अमेरिकन कार्टून मालिकेत होमर शेवटच्या दिवशी करपत्रक कसंबसं खरडून पोस्टात धावतो, आणि मग करखातं त्याच्या मागे लागतं. लेखकांनी हसवायला ते रंगवलं. पण होमरजवळ निदान एक पाकीट होतं, एक तारीख होती. इथे जावळ काढलेल्या पोराच्या गुळगुळीत डोक्याचीही जमा आहे, आणि कारकून ती सपाट आवाजात, भाजीचा हिशोब सांगावा तशी वाचतो. माझ्या मते हा आवाजच सगळ्यात भयंकर आहे. एकदा वहीत चढलं की विक्षिप्त काही उरत नाही. आजोबांनी भरलं, बापाने भरलं, तुम्हीही भरा.

जरा घाई करून पुढे सरका. इंग्रजांनी नेमलेला मार्क कब्बन म्हैसूरचा कमिशनर आहे, आणि त्याच्या दीर्घ कारकिर्दीत असे फुटकळ कर एकेक करून रद्द होतात. पुढे मोजदाद होते तेव्हा आकडा भरतो 769. सातशे एकोणसत्तर! गरिबाच्या घरातलं बारसं आता फक्त बारसं असतं, हा फरक राजवाड्यात नाही, पाळण्याजवळ कळतो.

आता परत या. बूट घाला. तुम्ही पुण्यात असा की कोल्हापुरात, तुमचं आयकर विवरणपत्र आजही बंगळुरूलाच जातं. 2009 साली तिथे आयकर खात्याचं केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र सुरू झालं. विवरणपत्र तपासल्यावर कलम 143(1)ची सूचना तिथूनच येते. ती आली की घाबरून नुसते पैसे भरू नका. पूर्ण वाचा, कलम बघा, आकडे पडताळा, आणि पटलं नाही तर लेखी विचारा. हा हक्क वेशीत जकात भरणाऱ्या त्या माणसाजवळ नव्हता. घोडा कुणाचा आणि तो कधी हरवला, हे विचारायची सोय तुम्हाला आहे, ती वापरा.