चित्ता : हौसेपायी गमावलेला प्राणी

आपल्या लोधीखेडा-सौंसर भागात कोणी ‘चित्ता दिसला’ म्हणाले, तर तो बिबट्याच असतो. दोघेही ठिपकेवाले, म्हणून घोटाळा होतो. चित्त्याचे ठिपके भरीव, कंबर बारीक आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. त्याचे नाव संस्कृत ‘चित्रक’वरून आले; इंग्रजीनेही ते आपल्याकडूनच घेतले. नाव जगाला दिले, प्राणी मात्र आपल्याला सांभाळता आला नाही.

वाघाची भीती वाटे, म्हणून वाघ मारले गेले. चित्ता तर माणसाच्या वाटेला जात नाही. तरी तो संपला, कारण तो राजेरजवाड्यांना फार आवडे. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते जिवंत पकडून माणसाळवत. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते, असे सांगतात. पण कैदेत चित्त्याची वीण होत नसे. पिल्ले झाल्याची जहांगीरच्या काळातली नोंद म्हणजे अपवादच. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच आणावा लागे.

इंग्रजी अमलात चित्ता मारणाऱ्यास बक्षीस मिळू लागले. माळराने नांगराखाली गेली, काळवीट घटले. विसाव्या शतकात कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांना शिकारी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

1947 मध्ये कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एकाच रात्री तीन नर चित्ते मारले. हे संस्थान पुढे मध्य प्रदेशात आले. आता तो भाग छत्तीसगडमध्ये आहे. भारतातील चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद मानली जाते. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आशियाई चित्ते आज फक्त इराणात, तेही मोजकेच उरले आहेत.

17 सप्टेंबर 2022 रोजी आपल्याच राज्यातील कुनो येथे नामिबियाचे 8 चित्ते आले. फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे 12. त्याच कुनोतून पूर्वी सिंह आणण्याच्या योजनेसाठी 24 गावे हलवली होती. म्हणजे गमावलेले परत आणण्याची किंमत गरीब माणसानेही मोजली.

चित्त्याला दाट जंगलापेक्षा मोकळे गवताळ रान मानवते. आपण मात्र अशा रानाला ‘पडीक’ म्हणतो आणि ते मोडायला मोकळे होतो. गणपतीत घर भरलेले असते. गावाचे चराईचे रान कुठवर होते आणि तिथे कोणती जनावरे दिसत, हे मुलांनी आजोबांना जरूर विचारावे. सांगणारे आहेत तोवर लिहूनही ठेवावे.