बिऱ्हाड आणि मुक्काम

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रंथालयाच्या बाकावर. फाटकावरचा पहिला धडा हा की, झगडून मिळविलेली पगारवाढ घरभाड्यात जाणार असेल, तर लढा अर्धाच जिंकलेला असतो.

बार्सिलोनाच्या कामगारांनी हा धडा १९३१ साली गिरविला. बांधकाम-कामगारांच्या संघटनेने भाड्यात शेकडा ४० कपात मागितली आणि हजारो बिऱ्हाडांनी भाडे देणेच थांबविले. त्याच शहरात समुद्रकाठी बार्सेलोनेता ही कोळ्यांची व कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे. एकेका घराचे चार-चार भाग पाडून झालेली तिथली बिऱ्हाडे पाहून गिरणगावातल्या गाळ्याची आठवण व्हावी! १९९२ च्या ऑलिंपिकनंतर शहरात प्रवाशांची रीघ लागली.

पुढे २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना भाडे भरणे जड झाले, म्हणून त्यांनी घरात हवेच्या गाद्या टाकून तिघा पाहुण्यांना उतरविले. त्यातूनच एअरबीएनबी निघाली. भाड्याच्या जाचातून जन्मलेल्या धंद्यानेच पुढे भाडेकरूंना जाच केला, हा इतिहासाचा विनोद नव्हे काय? पाहुणा रात्रीच्या हिशेबाने पैसे मोजतो, बिऱ्हाडकरू महिन्याच्या. मालकाने कोणाला ठेवावे, हे सांगायला पंडित नको. २०१४ च्या ऑगस्टात बार्सेलोनेतातील रहिवासी रस्त्यावर उतरले. अखेर २०२४ साली महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केले की, प्रवाशांसाठी दिलेले १०,१०१ घरांचे परवाने २०२८ अखेर संपतील. दहा वर्षांत भाडी शेकडा ६८ वाढली होती.

कोणी म्हणेल, एक खोली देऊन पोट भरणाऱ्या विधवेने काय करावे? प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कने २०२३ पासून त्याचे उत्तर अमलात आणले: तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल, तर नोंदणी हवी, यजमान स्वतः घरात राहिला पाहिजे आणि पाहुणे दोनच. खोली देणे वेगळे, बिऱ्हाडच बाजारात काढणे वेगळे.

आमच्या मुंबईच्या १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याच्या नावातच घरभाड्याशेजारी हॉटेल व लॉजिंगचे दर होते. मुक्काम आणि बिऱ्हाड एकाच छपरासाठी भांडतात, हे त्या शीर्षकातच दिसत होते. १९९९ च्या नव्या कायद्याच्या नावातून ते शब्द गेले.

पाहुण्याशी आमचे वैर नाही. पण पाहुणचार करायला गावात आधी गावकरी उरला पाहिजे.