न झालेल्या कुस्त्यांचा निकाल

धाराशिव जिल्ह्यातल्या उरुसात किंवा जत्रेत कुस्त्यांचा फड संपला, की दुसरा फड पारावर भरतो. हरिश्चंद्र बिराजदार आणि आप्पालाल शेख ऐन उमेदीत समोरासमोर आले असते, तर? ही जोड कधी लागली नाही, आता लागणारही नाही. तरी तिच्या निकालावरून माणसे हमरीतुमरीवर येतात. आम्हाला हा रिकामा उद्योग वाटत नाही. ज्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली नाहीत, अशा कितीतरी मल्लांची नावे याच वादांनी जिवंत ठेवली आहेत.

दोघेही आपल्याच मुलखातले. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता; लातूर जिल्हा वेगळा झाला तो 1982 साली. 1977 साली बेळगावात त्यांनी सतपालला हरवले, ती कुस्ती जुनी माणसे आजही सांगतात. आप्पालाल बोरामणीचे. सोलापूरहून नळदुर्गकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. इस्माईल शेख 1980 साली, आप्पालाल 1992 साली आणि मुन्नालाल शेख 2002 साली महाराष्ट्र केसरी झाले. एकाच घराण्यात तीन गदा आल्या.

मग जिंकले कोण असते? आम्ही आधी विचारतो, कुस्ती कशावर? मातीवर की गादीवर?

गामा पहिलवानाचे उदाहरण घ्या. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनला गादीवर गामा आणि पोलंडचा झिबिस्को भिडले. झिबिस्को पोटावर पडून राहिला. अडीच तास झाले, तरी निकाल लागला नाही. पुन्हा ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. पुढे 1928 साली पतियाळाला तीच जोड मातीत लागली. दोघेही पन्नाशीला टेकलेले. पण झिबिस्को मिनिटभरही टिकला नाही. माणसे तीच होती. आखाडा बदलला, नियम बदलले आणि निकालही बदलला.

काळ एक असला तरी खात्री नसते. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन संघटनांनी दोन वेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केले. तोच राक्षे त्याच महिन्यात आपल्या धाराशिवात हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. डोळ्यांदेखत असे घडते, तर तेवीस वर्षांच्या अंतराने गदा घेतलेल्या दोघांबद्दल छातीठोक काय सांगणार?

तरी आमचा कौल देतो. मातीत, वेळेचे बंधन नसलेल्या निकाली कुस्तीत बिराजदार. गादीवर, गुणांच्या कुस्तीत आप्पालाल. कारण त्यांच्या काळापर्यंत गुणांचा हिशेब तालमीत रुळला होता. कोणाला हा कौल उलटा वाटेल. त्याने डाव, दम, वजन आणि आखाडा यांवर खुशाल वाद घालावा. आडनाव पाहून मात्र निकाल सांगू नये.

गामाने अमेरिकेच्या फ्रँक गॉचला आव्हान दिले होते. ती कुस्ती झालीच नाही. जोड लागायला ताकद असून भागत नाही. मैदान देणारा, पैसा लावणारा आणि समोर उभे राहायला तयार असलेला जोडीदार लागतो. म्हणून पारावर न झालेल्या कुस्तीचा निकाल लावताना एवढेही विचारावे, की ती झाली का नाही. आपल्या मल्लांचा न लिहिलेला इतिहास बहुतेक तिथेच सापडेल.